झहीर खानला दुखापतींनी वारंवार गाठलं, तरी तो ३११ विकेट्सपर्यंत कसा पोहोचला?

जुलै २०११. लॉर्ड्सवर भारत-इंग्लंडची १००वी टेस्ट सुरू झाली, तेव्हा भारत क्रमवारीत पहिल्या नंबरवर होता. झहीर खानने कूक आणि स्ट्रॉस, दोन्ही ओपनर्सना बाद केलं. पण चौदाव्या ओव्हरचे तीन बॉल टाकून झाले आणि मांडीच्या मागच्या स्नायूने दगा दिला. झहीर मैदानाबाहेर गेला. बॉलर कमी पडले म्हणून कॅप्टन धोनीने ग्लोव्ह्ज काढून स्वतः बॉलिंग केली. भारताने ती सिरीज ४-० अशी गमावली.

जेमतेम साडेतीन महिन्यांपूर्वी याच झहीरने वर्ल्डकपमध्ये २१ विकेट्स काढल्या होत्या. फायनलमधल्या त्याच्या पहिल्या ५ ओव्हर्समध्ये ३ मेडन होत्या आणि फक्त ६ रन्स गेले होते. मग एवढ्यात शरीर असं का कोसळलं?

शरीरावर नेमका भार कुठे येतो?

फास्ट बॉलर बॉल सोडताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर त्या एका पायावर येतो. घोटा, गुडघा आणि कंबर तो झेलतात. दर बॉलला धावत येण्यामुळे मांडीचे स्नायू ताणले जातात. बॉल सुटल्यावर वेगाने फिरणारा हात थांबवायचं काम खांद्याचं असतं. दिवसाला १८-२० ओव्हर्स म्हणजे हे सगळं शंभरपेक्षा जास्त वेळा.

झहीरच्या करिअरमध्ये यातलं बरंच काही दुखावलं. २००३ मध्ये ब्रिस्बेनला ५ विकेट्स घेतल्यावर त्याच दौऱ्यात मांडीने त्याला रोखलं. २००९ मध्ये खांद्याचं ऑपरेशन, लॉर्ड्सनंतर घोट्याचं.

मग तो टिकला कसा?

श्रीरामपूरचा हा मुलगा २००० साली टीममध्ये आला तो वेगाच्या जोरावर. २००६ मध्ये टीमबाहेर असताना तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून काउंटी खेळला आणि त्या सीझनमध्ये ७८ विकेट्स घेऊन आला. इथेच गाडी वळली, असं म्हणायला हरकत नाही. रन-अप आखूड झाला, उडी कमी झाली, वेगापेक्षा स्विंगवर भर आला. जुना बॉल तो दुसऱ्या हाताने झाकून आणायचा, म्हणजे चकाकणारी बाजू कोणती ते बॅट्समनला शेवटपर्यंत कळायचं नाही. पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिजला त्याने ९ विकेट्स घेत टेस्ट जिंकून दिली.

२०१३ मध्ये, पस्तिशीत, तो युवराज सिंगसोबत फिटनेससाठी फ्रान्सला गेला. डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गला परतला आणि ३००वी विकेट घेतली. ती जॅक कॅलिसची होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये निवृत्त होताना त्याने दिलेलं कारणही खांद्याचंच होतं: दिवसाला जवळपास १८ ओव्हर्सचा भार तो पेलेल याची खात्री नाही.

सगळ्यांना एवढी संधी मिळत नाही. सोलापुरात जन्मलेला सलील अंकोला १९८९ मध्ये कराचीला सचिनसोबतच टेस्ट खेळला. ती त्याची एकमेव टेस्ट ठरली. नडगीच्या हाडातल्या गाठीमुळे त्याला २८व्या वर्षी क्रिकेट सोडावं लागलं.

बेसबॉलमध्ये काय करतात?

तिथे पिचरचं कोपर जातं. १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातलं तुटलेलं लिगामेंट डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातला टेंडन लावून नव्याने बांधलं. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. आज ते ऑपरेशन त्याच्याच नावाने ओळखलं जातं. अमेरिकेत लिटल लीगमध्ये ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ पेक्षा जास्त बॉल फेकू देत नाहीत. ६६ किंवा त्याहून जास्त झाले, तर चार दिवस सुट्टी. इंग्लंडमध्येही बरीच वर्षं १३ वर्षांखालच्या फास्ट बॉलरला सलग ५ ओव्हर्सचीच परवानगी होती.

पिंपळे सौदागरच्या पालकांनी काय बघावं?

ऋतुराज गायकवाड घडला ती थेरगावची वेंगसरकर अकॅडमी इथून जवळच आहे, त्यामुळे किटबॅग घेतलेली पोरं सोसायटीत सर्रास दिसतात. गडबड होते ती मोजदादीत. शाळेची मॅच, अकॅडमीचं नेट, संध्याकाळी पार्किंगमधलं क्रिकेट. तिन्हीकडे बॉलर तोच आणि एकूण बॉल कुणीच मोजत नाही. कंबरेची हाडं विशीपर्यंत पूर्ण पक्की झालेली नसतात. वाढत्या वयातल्या फास्ट बॉलरला तिथेच बारीक फ्रॅक्चर होण्याचा धोका असतो.

कंबरेत एकाच बाजूला दुखत असेल आणि मागे वाकल्यावर कळ वाढत असेल, तर बाम चोळून नेटवर पाठवू नका. बॉलिंग थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीचं फ्रॅक्चर साध्या एक्स-रेमध्ये सुटू शकतं, त्यामुळे डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तर टाळू नका.