जुन्या नोंदींची निवृत्ती

संगणकाला इतर संगणकांशी बोलावयाचे तर काही गोष्टी त्याला आधी सांगून ठेवाव्या लागतात : त्याचा स्वतःचा पत्ता कोणता, बाहेर पडण्याचा मार्ग कोणत्या यंत्रातून जातो, नावांवरून पत्ते कोणास विचारावयाचे. लिनक्स प्रणालीत ही माहिती साध्या मजकुराच्या फायलींत असते. रेड हॅट या अमेरिकन कंपनीच्या लिनक्समध्ये अशा फायलींचा जो नमुना दोन दशकांहून अधिक काळ रूढ होता, तो ‘आयएफसीएफजी’ या नावाने ओळखला जाई.

हा नमुना दिसावयास अगदी सरळ. एका ओळीत एक नाव, बरोबरचे चिन्ह आणि पुढे मूल्य. परंतु ही फाईल केवळ नोंद नव्हती. ‘शेल’ या आज्ञा पार पाडणाऱ्या कार्यक्रमाने वाचावयाचा तो आज्ञावलीचा तुकडाच होता. जोडणीच्या नावात अवतरणचिन्हे न घालता मोकळी जागा सोडली, तर पुढचा शब्द ही आज्ञाच समजून शेल ती सर्वाधिकाऱ्याच्या हक्काने अमलात आणू पाही. वहीतील नोंदीनेच कारकुनास हुकूम सोडावा, तसा हा प्रकार! शिवाय जादा मार्गांची नोंद निराळ्या फायलीत आणि बिनतारी जोडणीचा परवलीचा शब्द तिसऱ्याच फायलीत. एका जोडणीचे दप्तर असे विखुरलेले असे.

2004 साली रेड हॅटमध्ये ‘नेटवर्कमॅनेजर’ हा कार्यक्रम आरंभिला गेला. त्याच्या ‘कीफाईल’ नमुन्यात एका जोडणीची सारी माहिती एकाच फायलीत, चौकटी कंसांतील मथळ्यांखाली येते, आणि ती आज्ञा म्हणून कधीच चालविली जात नाही.

मग जुना नमुना लगेच का टाकला नाही? कारण दूरच्या शहरातील यंत्राची जोडणी नव्या आवृत्तीनंतर उभी राहिली नाही, तर ते दुरुस्त करण्यास जावयाची वाटच बंद होते. म्हणून माघार पायरीपायरीने झाली. 2019 च्या आठव्या आवृत्तीत जुन्या आज्ञावली त्याज्य ठरविल्या. 2022 च्या नवव्या आवृत्तीतून त्या गेल्या, तरी जुन्या फायली वाचण्याची सोय राहिली. 2025 च्या दहाव्या आवृत्तीत तीही उरली नाही. जुन्या फायलींचे कीफाईलमध्ये रूपांतर करणारी आज्ञा मधल्या काळात उपलब्ध करून दिली होती.

तंत्रज्ञ अशा वस्तूंस ‘लेगसी’ म्हणतात. आपल्या ‘वारसा’ या शब्दातील अभिमान त्यात मुळीच नाही. अडगळ म्हणण्याचे धाडस होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नवव्या आवृत्तीत जुन्या फायलींच्या कप्प्यात एक छोटी फाईल ठेवलेली आढळते. नव्या नोंदी आता कोठे असतात, हे तीत लिहिलेले आहे.