इतके अडकित्ते कशासाठी?

पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रं आहेत, चित्रं आहेत, मस्तानी महालही आहे. कोथरूडहून त्याचे अवशेष आणून तो इथे पुन्हा उभा केला आहे. तरी या संग्रहालयाचं खरं वेगळेपण अडकित्त्यांपाशी जाणवतं. एक-दोन नव्हेत, रांगच्या रांग. तीच गत दिव्यांची, वज्र्यांची, दौतींची, कुंकवाच्या कोयऱ्यांची. एकेक चांगला नमुना ठेवला असता तर भागलं नसतं का, असं पाहणाऱ्याला साहजिकच वाटतं. नसतं भागलं, असं माझं ठाम मत आहे. या संग्रहाचं मोल सुट्या वस्तूपेक्षा वस्तूंच्या अनेकपणात जास्त आहे.

अडकित्त्याचं काम एकच, सुपारी कातरणं. दोन दांडे, त्यांना जोडणारी खीळ आणि पातं. बाकीचा अडकित्ता पितळेचा असला तरी पात्याला लोखंड किंवा पोलादच लागतं, कारण पितळेची धार टिकत नाही. इथवर कारागिराचे हात बांधलेले. पण दांडे कसे घडवायचे हे त्याच्या मर्जीवर, आणि तिथे कुणी पोपट बसवतो, कुणी घोडा, कुणी स्त्रीची आकृती. एकटा अडकित्ता पाहिला तर नक्षी छान आहे इतकंच आपण म्हणतो. दहा शेजारी-शेजारी पाहिले की गरजेनं काय ठरवलं आणि माणसानं काय निवडलं, हे वेगळं दिसू लागतं. समई जमिनीवर उभी राहते, म्हणून तिची बैठक जड. लामणदिवा टांगायचा, म्हणून कारागिरानं हौस साखळीवर भागवली. वज्रीची खालची बाजू टाचा घासायला खरखरीतच हवी, पण वरच्या बाजूला, बोटांनी धरायच्या जागी, पक्षी येऊन बसले. या वस्तू घडवणाऱ्या बहुतेकांनी आपली नावं कुठे कोरून ठेवली नाहीत. या निवडी हीच त्यांची सही.

दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांचा व्यवसाय चष्म्यांचा. कविता ते 'अज्ञातवासी' या नावानं लिहीत. 1920च्या सुमारास त्यांनी हा संग्रह सुरू केला, पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि 1975मध्ये सुमारे वीस हजार वस्तूंचा हा ठेवा राज्य सरकारच्या हवाली केला. ज्या काळात तो वाढला, त्याच काळात घरोघरचं तांबं-पितळ मोडीत जात होतं आणि त्याच्या जागी स्टील येत होतं. मोडीला भाव वजनाचा मिळतो, घडणावळीचा मिळत नाही. घडणावळ पाहून वस्तू घेणारा माणूस त्या वेळी नसता, तर यातलं बरंचसं भट्टीत वितळलं असतं.

यावर एक आक्षेप खरा आहे. कोरीव पितळी दिवे ऐपतदार घरांतले. मजुराच्या घरातली मातीची पणती फुटली की उकिरड्यावर जाते, संग्रहालयापर्यंत पोचत नाही. म्हणजे हा संग्रह साऱ्या समाजाचा आरसा नाही. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते: वापरणारे हात श्रीमंत असले तरी घडवणारे हात ओताऱ्यांचे, तांबटांचे, सुतारांचे होते, आणि त्यांच्या बुद्धीचा याहून भरवशाचा दस्तऐवज मिळणं कठीण. पणतीसाठी वेगळा शोध घ्यायलाच हवा. पण त्यासाठी समया कमी करण्याची गरज नाही. गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेकडच्या वस्तूंमुळे संग्रहाचं मराठीपण पातळ होतं, ही तक्रार मात्र मला पटत नाही. शेजारच्याची वस्तू समोर असल्याशिवाय आपल्या वस्तूची ढब ओळखायची कशी?

राहिला प्रश्न वापराचा. काचेआड दिवा पेटत नाही, अडकित्ता सुपारी कातरत नाही, मग या वस्तू मेल्याच ना? घरातला वापर संपला हे खरंच, पण कारागिराला असलेला त्यांचा उपयोग संपलेला नाही. पुण्याच्याच कसबा पेठेत तांबट आळी आहे. पत्र्यावर हातोडीचे ठोके घालून मठारकाम करणारे हात तिथे अजून आहेत. जुन्या घागरीचा गळा अंगाला कुठे आणि कसा जोडला, पत्रा कुठे जाड ठेवला, कुठे पातळ केला, हे अशा माणसाला चित्रातून पुरतं कळत नाही. त्याला ती घागर समोर लागते, आणि शेजारी तिच्यासारख्या आणखी चार.