आखूड पुंगळीचे लांबलचक गणित

‘डर्टी हॅरी’ हा चित्रपट १९७१ साली आला आणि .४४ मॅग्नम हे रिव्हॉल्व्हर जगभरच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरले. त्या हातभर लांब दिसणाऱ्या शस्त्राचा दरारा आजही ओसरलेला नाही. मात्र १९७३ च्या ‘मॅग्नम फोर्स’ या पुढच्या भागातील एक लहानसा प्रसंग फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. नेमबाजीच्या मैदानावर तरुण पोलीस हॅरीला विचारतात, तू यात कोणते काडतूस भरतोस? तो सांगतो, हलके ‘स्पेशल’. कारण त्याने शस्त्र ताब्यात राहते आणि धक्का कमी बसतो. पडद्यावरच्या सर्वांत दांडग्या रिव्हॉल्व्हरचा मालकही पूर्ण भाराचे काडतूस टाळतो, ही गोष्ट अमेरिकेतील अनुभवी नेमबाजांना मुळीच नवलाची वाटली नसेल. मोठ्या नळीच्या रिव्हॉल्व्हरसाठी घरच्या घरी सौम्य आणि आखूड काडतुसे भरून घेणे हा तिथे जुना उद्योग आहे. त्यामागचे कारण निव्वळ मनगट वाचवण्यापुरते नाही.

प्रथम शब्दांची थोडी सफाई. बातम्या संपादित करताना ‘गोळी’, ‘काडतूस’ आणि ‘पुंगळी’ यांची सरमिसळ आमच्या मेजावर रोज येते. काडतूस म्हणजे संपूर्ण वस्तू. तिचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. चाप ओढल्यावर गोळी निघून जाते, दारू जळून जाते, प्रायमर संपतो आणि पुंगळी तेवढी मागे उरते. चौघांत सर्वांत महाग तीच आणि ती पुन्हा वापरता येते. घरी काडतुसे भरण्याचा सगळा प्रपंच या एका सोयीवर उभा आहे. वापरलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, तोंड किंचित फाकवायचे, मोजून दारू घालायची, गोळी बसवायची आणि शेवटी पुंगळीची कड गोळीभोवती आवळायची.

आता मापांकडे येऊ. .४४ मॅग्नमची पुंगळी ३२.६ मिलिमीटर लांब, .४४ स्पेशलची २९.५ आणि त्याहून जुन्या .४४ रशियनची २४.६ मिलिमीटर. तिन्हींची जाडी तीच, गोळीचा व्यास तोच. हे साम्य म्हणजे वंशावळ आहे. रशियन सरकारने १८७० च्या सुमारास स्मिथ अँड वेसन कंपनीकडून रिव्हॉल्व्हरे मागवली, तेव्हा त्यांच्या आग्रहाखातर गोळी पुंगळीच्या आत बसेल अशी नवी रचना झाली. आधीच्या काडतुसात गोळी पुंगळीइतकीच जाड असे आणि तिचे वंगण बाहेर उघडे राहून धूळ ओढून घेई. पुढे १९०७ च्या सुमारास त्याच काडतुसाची पुंगळी पाच मिलिमीटरने वाढवून .४४ स्पेशल तयार झाले. गंमत अशी की लांबी वाढली तरी कारखान्याने जोर तोच ठेवला: २४६ ग्रेनची गोळी, सेकंदाला सुमारे ७५५ फूट. वाढीव जागा रिकामीच राहिली. ती भरून काढण्याचा ध्यास इडाहोतील एल्मर कीथ या गुराख्याने आणि लेखकाने घेतला. भारी मिश्रणे करण्याच्या नादात त्याच्या हातात रिव्हॉल्व्हर फुटलेही होते. त्याच्या तीसेक वर्षांच्या पाठपुराव्यातून १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम आले.

ग्रेन हे वजन मराठी वाचकाला परके वाटेल, पण ते आपल्या सराफाच्या दुकानातून फार लांब नाही. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरवला गेला होता. म्हणजे .४४ मॅग्नमची नेहमीची २४० ग्रेनची गोळी सव्वा तोळ्याहून थोडी जड. एवढे शिसे सेकंदाला बाराशे ते चौदाशे फूट वेगाने निघते, तेव्हा हाताला बसणारा हिसका काय असेल याची कल्पना यावी. अमेरिकी उद्योगाने घालून दिलेली दाबाची मर्यादा .४४ स्पेशलसाठी दर चौरस इंचाला १५,५०० पौंड आहे, तर .४४ मॅग्नमसाठी ३६,०००. पहिला आकडा वातावरणाच्या दाबाच्या सुमारे हजारपट, दुसरा जवळजवळ अडीच हजारपट.

मग सौम्य काडतूस हवे असेल तर लांब पुंगळीतच कमी दारू का घालू नये? आखूड पुंगळीचा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर दारूच्या इतिहासात आहे. .४५ कोल्ट हे काडतूस १८७० च्या दशकाच्या आरंभी काळ्या दारूसाठी आखले गेले. तिचे ४० ग्रेन आत ठासून बसत आणि पुंगळी काठोकाठ भरे. काळी दारू तशी भरावीच लागते. मग बिनधुराची दारू आली. ती वजनाच्या मानाने कितीतरी अधिक ऊर्जा देते, त्यामुळे तेवढ्याच कामाला पाचवा-सहावा हिस्सा पुरतो. काडतुसाचे बाह्य माप मात्र तेच राहिले. एका माणसासाठी बांधलेला वाडा असावा तशी ती मूठभर दारू आत लोळू लागली. नळी खाली झुकवून मग नेम धरला तर दारू गोळीकडे सरकते, आधी वर करून मग खाली आणली तर प्रायमरकडे राहते. पहिल्या स्थितीत ठिणगी पोकळीतून जाऊन दारूला उशिरा भिडते, दुसऱ्या स्थितीत लगेच. परिणामी एकाच हाताने, एकाच मापाने भरलेल्या दोन काडतुसांचा वेग वेगळा येतो. कमी दारूच्या सौम्य काडतुसात हा दोष सर्वांत ठळक दिसतो. पुंगळी आखूड केली की पोकळी घटते, दारूला पळायला जागा उरत नाही आणि वेग एकसारखा होतो.

ब्रिटिश लष्कराने हाच धडा फार पूर्वी घेतला होता. त्यांच्या .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हरचे १८९१ चे काडतूस काळ्या दारूचे होते आणि त्याची पुंगळी सुमारे २२ मिलिमीटर होती. कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आल्यावर एवढ्या जागेची गरज उरली नाही आणि १८९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत पुंगळी साडेएकोणीस मिलिमीटरवर आणली गेली. हिंदुस्थानातील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला जी वेब्ली असे, तिचे काडतूस ते हेच. जुनी रिव्हॉल्व्हरे बाद करावी लागली नाहीत, कारण लांब चेंबरमध्ये आखूड काडतूस बिनबोभाट बसते.

ते का बसते, हेही पाहण्यासारखे आहे. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते आणि ती सिलिंडरच्या मागच्या बाजूला अडकते. काडतूस कुठवर आत जाईल हे कडा ठरवते, तोंड कुठवर पोहोचते याला महत्त्व नाही. स्वयंचलित पिस्तुलात बहुधा उलट असते. तिथे पुंगळीचे तोंडच चेंबरमधील खाचेला टेकते, म्हणून लांबीत फेरफार चालत नाही. शिवाय पिस्तुलाला पुढचे काडतूस ओढायला मागील स्फोटाचा जोर लागतो. काडतूस फार सौम्य असेल तर यंत्र अर्ध्यात अडते. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर फिरतो तो नेमबाजाच्या बोटाने किंवा अंगठ्याने, त्यामुळे काडतूस कितीही मवाळ असो, पुढचे चेंबर नळीसमोर येतेच.

उलट दिशेने हा व्यवहार चालत नाही आणि तसे मुद्दाम केले आहे. .३५७ मॅग्नम १९३० च्या दशकात आले तेव्हा त्याची पुंगळी .३८ स्पेशलपेक्षा सुमारे तीन मिलिमीटर लांब ठेवली गेली, जेणेकरून जास्त दाबाचे काडतूस जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये. अमेरिकी सैन्याची फजिती याच एकतर्फी न्यायाने झाली होती. १८७० च्या दशकात त्यांच्याकडे कोल्टही होते आणि मेजर स्कोफिल्ड यांनी सुधारलेले स्मिथ अँड वेसनही. स्कोफिल्डचे २८ मिलिमीटरचे काडतूस कोल्टमध्ये चाले, कोल्टचे लांब काडतूस स्कोफिल्डमध्ये मावत नसे. चुकीची पेटी चुकीच्या तुकडीकडे जाण्याची भीती कायम. शेवटी सरकारी दारूगोळा कारखान्याने दोहोंत चालेल असे आखूड काडतूसच बनवायला घेतले.

आजच्या काळात या आखूड पुंगळ्यांना खरे गिऱ्हाईक दिले ते ‘काउबॉय अ‍ॅक्शन’ या नेमबाजीच्या खेळाने. १९८७ मध्ये स्थापन झालेली सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी ही त्याची मुख्य संघटना. एकोणिसाव्या शतकाचा वेश, त्याच धर्तीची शस्त्रे आणि जवळ टांगलेली लोखंडी पाटी. इथे जोराची गरजच नसते. रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला हजार फुटांपुढे जाऊ नये असा नियमच आहे. खेळणाऱ्यांत साठी ओलांडलेले पुष्कळ, संधिवाताने बोटे आखडलेले पुष्कळ. ज्याचे मनगट पूर्ण भाराच्या पाच बारांनंतर ठणकू लागते, तो आखूड पुंगळीच्या जोरावर दिवसभर खेळू शकतो. त्यांच्यासाठी .४५ कोल्टची कडा आणि .४५ ऑटोची लांबी असलेली, जेमतेम पावणेतेवीस मिलिमीटरची पुंगळीही बाजारात आली.

मात्र सौम्य म्हणजे निर्धोक हा समज घातक आहे. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आणि उत्साही लोक ती सर्वांत घाईने उरकतात. थोड्या दारूचे पहिले संकट म्हणजे दुप्पट दारू. मोठ्या पुंगळीत तळाशी चिमूटभर दारू पडलेली असते. हात चुकून दुसरे माप पडले तरी ती अर्धीही भरत नाही आणि वरून पाहणाऱ्याला संशय येत नाही. झटकन जळणाऱ्या दारूचे दुहेरी माप सिलिंडर फोडायला पुरेसे असते. आखूड पुंगळीत दुसरे माप बहुधा उतू जाते किंवा निदान डोळ्यांत भरते. हा तिचा मोठा गुण. म्हणूनच जाणकार माणूस पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून, वरून दिवा धरून, प्रत्येकीतील पातळी पाहिल्याशिवाय एकही गोळी बसवत नाही. ‘ट्रेल बॉस’ नावाची दारू याच गरजेतून निघाली. तिचे कण मेदूवड्यासारखे, मधे भोक असलेले. त्यामुळे वजन थोडे असूनही ती जागा पुष्कळ व्यापते.

दुसरे संकट याच्या उलट. दारू फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. आवाज फुसका येतो, नेमबाज चुकून पुन्हा चाप ओढतो आणि दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फुगते वा फाटते. तांब्याचे वेष्टन असलेली गोळी नळीत अधिक घासते, म्हणून सौम्य काडतुसात नुसत्या शिशाची ओतीव गोळी वापरायची प्रथा आहे. आणि तिसरी गोष्ट, नवशिक्याच्या हटकून लक्षात न येणारी: लांब पुंगळीसाठी छापलेले दारूचे माप आखूड पुंगळीत तसेच उतरवता येत नाही. जागा कमी झाली की तेवढ्याच दारूचा दाब वाढतो. ‘कमी लांबी म्हणजे कमी जोर’ हे समीकरण दारूचे प्रमाण बदलले तरच खरे ठरते.

आखूड काडतुसाचा रोजचा उपद्रव मात्र साधा आहे, काजळीचा. दाब कमी असल्याने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला नीट चिकटत नाही आणि धूर मागे येऊन पितळ काळे करतो. पुंगळीच्या तोंडापुढे जी रिकामी जागा उरते, तिथे काजळी, वंगण आणि शिसे यांचे कडे जमते. शंभरेक बारांनंतर तिथे पूर्ण लांबीचे काडतूस घालू गेल्यास ते अडकते. जोर लावून बसवले तर त्याहून वाईट. पुंगळीचे तोंड त्या कड्यात आवळले जाते, गोळी सुटायला वाव राहत नाही आणि दाब मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. म्हणून लांब काडतुसाकडे परतण्यापूर्वी पितळी ब्रशने चेंबर घासणे सक्तीचे मानतात. काउबॉय खेळातील दांडीच्या रायफलींचीही अडचण आहे. त्यांची यंत्रणा ठरावीक लांबीचेच काडतूस उचलते, आखूड दिले की कुरबुर करते.

आपल्याकडे हा उद्योग छंद म्हणून करण्याची सोय नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार दारूगोळा तयार करण्यासाठी परवाना लागतो. त्याविना तो तयार केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची, प्रसंगी जन्मठेपेची शिक्षा आहे. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. तरीही ही वंशावळ आपल्या परवानाधारकांना अगदीच अनोळखी नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारे .३२ रिव्हॉल्व्हर ज्या .३२ स्मिथ अँड वेसन लाँग काडतुसावर चालते, ते १८९६ चे. आणि तेही १८७८ च्या आखूड.३२ ची पुंगळी वाढवूनच तयार झाले होते.