दांडीच्या मागचे बिऱ्हाड

दसरा उलटला, की कराडच्या दक्षिणेस पुणे-बंगळूर महामार्गाला खेटून वसलेल्या आमच्या मलकापुरात, ढेबेवाडी फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी पहाटे उभे राहणाऱ्या माणसाला, आगाशिवाच्या डोंगरावरचे धुके अजून उतरत असतानाच, एक विलक्षण वाहन रस्त्याने येताना दिसते. पुढे ट्रॅक्टर असतो, ज्याला ऊसतोडणी-वाहतुकीच्या धंद्यातली माणसे नुसते ‘हेड’ म्हणतात; मागे लोखंडी दांडीने जोडलेली ट्रॉली असते; आणि जिच्यात पुढे पाच महिने उसाखेरीज दुसरे काही दिसायचे नाही, त्या ट्रॉलीत या दिवशी उसाचे एक कांडकेही नसून, बांबू, ताडपत्र्या, पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, पाण्याच्या घागरी, पोत्यात गुंडाळलेले कोयते, कोंबड्यांचे खुराडे, दोन-चार शेळ्या आणि या सगळ्याच्या वर, रात्रभराच्या गारठ्याने आक्रसून बसलेली माणसे असतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज म्हणून जातो. पण हे बिऱ्हाड पाठीवर नसते, दांडीच्या मागे असते, आणि या दोहोंत जो फरक आहे तोच या लेखाचा विषय आहे.

ऊसतोडणी करणाऱ्यांची ही टोळी बीडकडची असेल, जालना-परभणीकडची असेल, किंवा जवळच्याच जत-माण-खटावच्या कोरडवाहू मुलखातली असेल. आमच्या भोवतालच्या उसाला या मंडळींवाचून गत्यंतर नाही. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, पलीकडे वाळवे तालुक्यात साखराळ्याचा राजारामबापू, अशा कारखान्यांच्या धुराड्यांनी कृष्णाकाठचा हा सारा पट्टा आखून दिलेला आहे. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा जो श्रीगणेशा झाला, त्याचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. त्यांत भागभांडवल आले, संचालक मंडळे आली, निवडणुका तर आल्याच आल्या. मात्र फडातला ऊस कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत आणणाऱ्या ट्रॉलीची दखल, माझ्या वाचनात तरी, कोणी ममतेने घेतलेली नाही.

माझेही लक्ष तिच्याकडे वळले ते एका दूरच्या निमित्ताने. मिनियापोलिस येथे नोकरीस असलेल्या आमच्या एका भाच्याने एकदा मोबाइलवर चित्रफीत पाठविली, तीत एक पिकअप गाडी गोठलेल्या सरोवरावरून चाकांचे एक छोटेखानी घर ओढत नेत होती. मिनेसोटा संस्थानातले लोक हिवाळ्यात अशी घरे बर्फावर नेतात, जागा पसंत पडली की हातरहाट फिरवून चाके वर घेतात व घराची बैठक बर्फावर टेकवतात, मग फरशीत ठेवलेल्या भोकांतून खालच्या बर्फाला गिरमिटाने छिद्र पाडून, शेगडीच्या उबेत गळ टाकून बसतात. पिकअप गाडी न्यायची तर बर्फ एक फुटाहून अधिक जाड असावा असा तेथल्या सरकारी खात्याचा सल्ला आहे. शिवाय गाडी अगदी सावकाश हाकावी लागते, कारण वजनाखाली बर्फ किंचित लवतो, त्याच्या खालच्या पाण्यात लाट उठते, आणि ती लाट काठाजवळ पोचून बर्फ फोडू शकते. मार्च महिन्यात नेमून दिलेल्या सोमवारपर्यंत घर सरोवरावरून हलविले नाही तर सरकार जाब विचारते. भाच्याने खाली लिहिले होते, ‘मामा, असले काही आपल्याकडे पाहिले आहे का?’ मी त्याला उत्तर पाठविले की, हिवाळ्यापुरते घर, ते ओढणारे वाहन आणि मार्चमधली मुदत, ही तिन्ही आपल्या दारावरून दरसाल जातात. फक्त आपल्याकडे गळाला मासा लागण्याची हौस नसून पोटाला भाकरी लागण्याची निकड असते.

आता त्या दांडीकडे वळू. हेडचे स्वतःचे वजन सव्वादोन-अडीच टन, आणि ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडल्या की मागचा भार वीस टनांच्या घरात जातो. म्हणजे ओढणाऱ्याच्या आठपट-नऊपट ओझे एका हातभर दांडीवर आणि अंगठ्याहून थोड्या जाड पिनेवर अवलंबून असते. ही दांडी हेडला मागच्या आसाच्या खालच्या बाजूस जोडावी लागते, वर जोडून भागत नाही; ओढीचा बिंदू आसाच्या वर गेला, की चढावर ओझे मागे खेचते, पुढची चाके जमीन सोडतात आणि ट्रॅक्टर घोड्यासारखा दोन पायांवर उभा राहतो. नवशिका चालक चढावर उगाच जोर करून क्लच झटक्याने सोडतो तेव्हा असेच घडते, आणि त्याची परिणती सांगण्यासाठी तो पुष्कळदा उरत नाही. चार चाकांच्या ट्रॉलीचा पुढचा आस दांडीबरोबर फिरतो, त्यामुळे सरळ जाताना ती गाईमागच्या वासरासारखी निमूट येते. पण मागे घ्यायची वेळ आली, की दांडी एकीकडे आणि ट्रॉली भलतीकडे. कारखान्याच्या गाडीअड्ड्यावर दोन ट्रॉल्या एका दमात मागे लावणारा चालक मी पाहिला आहे. त्याच्या चेहऱ्यावर शास्त्रीय गायकाने अवघड तान घेऊन समेवर यावे तसा भाव होता, आणि भोवतालच्या चालकांनी मानाही तशाच डोलावल्या.

तथापि या विद्येचे मर्म ओढण्यात नाही. ओढायला एंजिन समर्थ आहे. खरी परीक्षा थांबविताना होते, कारण या ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, आणि हेड थांबले तरी मागचे वीस टन थांबायला राजी नसतात. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या मागच्या चाकाचे ब्रेक निरनिराळे असतात, शेतात जागच्या जागी वळता यावे म्हणून. रस्त्यावर येताना ते दोन्ही पायटे खटक्याने एकत्र जोडावे लागतात. हा खटका लावायचा राहिला आणि एकच पायटा दाबला गेला, तर हेड एका अंगाला फिरते व मागची ट्रॉली त्याला आडवे ढकलीत नेते. विट्याकडून येणाऱ्या टोळ्या सुर्लीचा घाट उतरून ओगलेवाडीमार्गे कराडात येतात. त्या उतारावर जुना चालक खालचा गिअर टाकून, एंजिनाला कुरकुरू देत, पावलापावलाने उतरतो. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करणाऱ्याला तो मनुष्यांत गणीत नाही. ‘पुढचं काय, दिसतंच. मागचं ध्यानात ठेवायचं,’ असे अशाच एका म्हाताऱ्या चालकाने मला सांगितले होते, आणि ते सांगताना त्याने ट्रॉलीतल्या झोळीत निजलेल्या मुलाकडे बोट केले होते.

या यंत्राला आणखी एक दांडी असते. ती लोखंडाची नसून कागदाची असते. ट्रॅक्टरमालक हंगामापूर्वी कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करारनामा करतो, कारखाना त्याला आगाऊ रक्कम देतो, मालक ती मुकादमाच्या हवाली करतो, आणि मुकादम गावोगाव फिरून कोयत्यागणिक ती वाटतो. कोयता म्हणजे येथे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. या हिशेबी भाषेत माणसाचे हत्यार झाले आहे हे कोणाच्या कानाला खटकत नाही, इतकी ती रुळली आहे. या रकमेला ‘उचल’ म्हणतात. उचल हंगामात फिटली तर ठीक, न फिटली तर बाकी पुढच्या सालावर चढते, आणि तो कोयता पुढच्या सालीही त्याच दांडीला जोडलेला राहतो. उलट बाजूही आहे, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल: उचल घेऊन मुकादम परागंदा होतो, टोळी येत नाही, आणि कर्जाने घेतलेले हेड दारात उभे ठेवून हप्ते भरणारा मालक आमच्या पंचक्रोशीत शोधावा लागत नाही. कोण कोणाला ओढतो, हे ठरविणे म्हणूनच वाटते तितके सोपे नाही.

अड्ड्यावर पोचल्यावर तासा-दोन तासांत बांबू वाकवून, वर चटई, पाचट, ताडपत्री घालून कोपी उभी राहते. तिचे दार इतके ठेंगणे असते, की आत जाणाऱ्याला वाकावेच लागते. चार-पाच महिने हेच घर. मग रोजचा क्रम: पहाटेपूर्वी फडात, तोडलेल्या उसाच्या मोळ्या, त्या डोक्यावरून फळीवर चढून ट्रॉलीत रचणे, दिवस मावळताना किंवा मावळल्यावर ट्रॉलीची रवानगी. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला नाही, तर वजन व साखर दोन्ही घटतात, म्हणून या धंद्याला रात्र ठाऊक नाही. वजनकाट्यापुढची ट्रॉल्यांची रांग मध्यरात्रीही हलत नाही, चालक हेडच्या बसकीवर डुलक्या घेत असतात, आणि त्यांना जागे ठेवण्यासाठी की गावाला, कर्णे मात्र अखंड गर्जत असतात. संगीताच्या या प्रकाराविषयी माझे मत प्रतिकूल आहे. परंतु फडातून कारखान्यापर्यंत रात्री एकट्याने जाणाऱ्याला झोप लागण्यापेक्षा माझी झोप मोडलेली बरी, अशी तडजोड मी मनाशी केली आहे.

जुन्या काळी हाच ऊस बैलगाडीने जाई. अजूनही कारखान्याच्या जवळपासच्या फडांतून टायरगाड्या जाताना दिसतात. त्या गाडीच्या आसाखाली रात्री एक कंदील टांगलेला असे. तो बैलांना वाट दिसावी म्हणून नव्हे, कारण बैलांना वाट पाठच असे. मागून येणाऱ्याला पुढे गाडी आहे हे कळावे म्हणून तो असे. आणि तो कंदील बहुधा येथलाच असे, कारण येथून दोन-तीन कोसांवरच्या ओगलेवाडीला ओगले बंधूंच्या काचकारखान्यात तयार होणारा प्रभाकर कंदील त्या काळी सबंध महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला होता. ज्या गावाच्या पंचक्रोशीत तो उजेड तयार झाला, त्याच गावाच्या महामार्गावर आज उसाच्या काळ्या भिंतीसारखी ट्रॉली मागे एकही दिवा न लावता जाते, मागचा दुचाकीस्वार तिच्यावर जाऊन आदळतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात चार ओळी येतात. हंगामाच्या आरंभी मोळीपूजनाच्या दिवशी कारखाने ट्रॉल्यांना चमकत्या लाल पट्ट्या लावतात, तेवढ्यापुरती छायाचित्रेही निघतात. जानेवारीपर्यंत त्या पट्ट्या चिखलाने व उसाच्या वाढ्यांनी झाकून जातात, आणि पुसायला कोणी खाली उतरत नाही.

ट्रॅक्टरमालकांना माझी एवढीच विनंती आहे, की त्यांनी हेडच्या पुढच्या काचेवर नाव घालण्यास जो रंग व जी हौस खर्च केली, तिचा दहावा हिस्सा शेवटच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर खर्च करावा. आणि चालकाने रोज काट्यावरून रिकामा निघताना एका ओल्या फडक्याने ती लाल पट्टी पुसून मगच गाडी रस्त्यावर काढावी.