जुन्या ओक-टेबलाचें मोल



वडिलोपार्जित वस्तु विकण्याची वेळ आली कीं मनुष्य दोन प्रकारें फसतो. एक तर तो तिला अडगळ समजून मातीमोलानें देऊन टाकतो, नाहीं तर जुनी एवढ्याचसाठीं ती अमोल मानून बसतो. हें टाळण्यास वस्तूची परीक्षा कशी करावी, हें इंग्लंडांतील जुन्या ओक-टेबलाचें उदाहरण घेऊन सांगतों. आपल्याकडे सागवानाचें जें स्थान, तेंच पूर्वीं तिकडे ओकाचें होतें.

प्रथम लाकूड ओळखावें. ओकाचा ओंडका गाभ्यापासून सालीच्या दिशेनें कापला, म्हणजे फळीवर चमकदार पट्टे उमटतात. या लाकडांत तुरट द्रव्य पुष्कळ असल्यामुळें लोखंडी खिळ्याभोंवतीं निळसर काळा डाग पडतो. हिरडा व हिराकस यांची शाई होते, तीच ही क्रिया.

नंतर वय पाहावें. त्यासाठीं टेबल उलटें करावें. खरी साक्ष खालच्या बाजूस असते. हातकरवतीच्या खुणा सरळ असतात. चक्राकार करवतीच्या कमानदार, आणि ही करवत सर्वत्र पसरली ती एकोणिसाव्या शतकांत. यंत्रावर केलेले टोंकदार स्क्रू त्याच शतकाच्या मध्यापासूनचे. लाकूड लांबीपेक्षां रुंदींत अधिक आकसतें. म्हणून जुनें गोल टेबल मोजलें असतां किंचित् लांबट भरतें. पायांना जोडणाऱ्या दांड्या बसणाऱ्यांचे पाय लागून वरच्या अंगास झिजतात. सर्व बाजूंनीं सारखी झीज दिसल्यास शंका घ्यावी. पाय एका टेबलाचे व फळी दुसऱ्याची, असाहि प्रकार आढळतो. केवळ काळसर रंगावर भिस्त ठेवूं नये. अमोनियाच्या वाफेनें नव्या ओकासहि तो आणतां येतो.

विकण्यापूर्वीं एक मोह मात्र आवरावा. रंधा मारून नवें पॉलिश चढवूं नये. पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनीं आलेली झिलई हा किंमतीचा मोठा भाग असतो, व ती एकदां गेली कीं पुन्हां येत नाहीं. मऊ कोरड्या फडक्यानें धूळ पुसणें पुरे.

आतां किंमत. विम्यासाठीं ठरविलेला आंकडा म्हणजे तशी वस्तु दुकानांतून पुन्हां घेण्याचा खर्च; तो विक्रीचा भाव नव्हे. लिलावांत बहुधा त्याहून कमी येतात, शिवाय दलाली वजा होते. व्यापारी रोख देतो तें आणखी कमी. कारण दुरुस्ति, जागाभाडें व नफा त्यांतूनच काढावयाचा असतो. इंग्लंडांत २००० सालानंतर अशा गडद फर्निचराचे भाव बरेच उतरले आहेत, हेंहि ध्यानांत असावें. मोल सांगणारा व विकत घेणारा एकच मनुष्य नसावा, ही सर्वांत मोठी सावधगिरी.

आपल्याकडील सागवानी व शिसवी टेबलांसहि यांतील बहुतेक कसोट्या लागू पडतात. मात्र शंभर वर्षांहून जुन्या कलाकृतींना आपल्या देशांत १९७२ चा पुरावस्तु कायदा लागू होऊं शकतो. तसें असल्यास परवान्यावांचून तिचा व्यापार करतां येत नाहीं, व खाजगी व्यक्तीस ती परदेशीं पाठवितां येत नाहीं.

शेवटीं, एखादा पाय बदलला असेल, फळी सांधली असेल, तर घेणाऱ्यास तें आपण होऊन सांगावें व पावतीवर लिहून द्यावें. चार रुपये कमी येतील. पण पुढील मालकास वस्तूचा खरा इतिहास मिळेल, आणि आपल्या शब्दास बट्टा लागणार नाहीं.