उत्तर कोकणातील थंडी व वसईच्या बागा

वसई तालुक्यात बर्फ पडत नाही. परंतु हिमालयात बर्फ पडला म्हणजे त्याची वार्ता काही दिवसांतच होळी, गिरिज, भुईगाव, निर्मळ व आगाशी येथील वाड्यांना पोहोचते. पहाटेची हवा एकाएकी कोरडी व बोचरी होते, केळीचे नवे पान सुरळीतच अडून राहते आणि पानवेलीची जुनी पाने पिवळी पडू लागतात. हा रोग आहे असे समजून कित्येक बागाईतदार औषध फवारतात, तर कित्येक जण युरियाचा जादा हप्ता देतात. दोहोंचाही खर्च बहुधा वाया जातो. म्हणून ही थंडी कोठून येते, ती पिकाला नेमके काय करते आणि तिच्यावर इलाज कोणता, याचा येथे विचार करावयाचा आहे.

थंडी येते कोठून?

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी झंझावात काश्मीर व हिमाचल प्रदेशात बर्फवृष्टी करतात. असा झंझावात पुढे सरकला की त्याच्यामागून उत्तरेचे कोरडे, थंड वारे राजस्थान व गुजरात ओलांडून उत्तर कोकणात उतरतात. एरवी समुद्रावरील दमट हवा आपले रक्षण करते. हवेतील बाष्प जमिनीची उष्णता रात्री निसटू देत नाही. उत्तरेच्या वाऱ्याने हे बाष्प कमी झाले, आकाश निरभ्र राहिले आणि रात्री वारा पडला, म्हणजे जमीन झपाट्याने निवते. सर्वांत अधिक थंडी मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास असते, हे ध्यानात ठेवावे.

२२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे किमान उष्णतामान ७.४ अंश सेल्सिअस इतके खाली आले. कुलाबा येथे मात्र ते ११.७ अंश होते. शहर एकच, परंतु समुद्राने वेढलेल्या कुलाब्यात व थोड्या मोकळ्या भागात चार अंशांहून अधिक फरक पडला. वसईतही हाच नियम लागू पडतो. किनाऱ्यालगतच्या दाट वाडीपेक्षा तुंगारेश्वर डोंगराच्या पायथ्याकडील उघड्या व खोलगट शेतात पहाट अधिक गार असते, कारण थंड हवा जड असल्याने पाण्याप्रमाणे सखल जागी साचते.

थंडीची लाट कशाला म्हणावे?

हवामान खात्याच्या नियमानुसार किनारपट्टीच्या ठिकाणी किमान उष्णतामान १५ अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते नेहमीपेक्षा ४.५ अंश वा अधिक उतरले असेल, तर थंडीची लाट समजतात. मैदानी प्रदेशासाठी ही मर्यादा १० अंशांची आहे. महाबळेश्वरास वेण्णा तलावाकाठी किंवा निफाडकडे दंव गोठते, तसे आपल्याकडे घडत नाही. म्हणून आपल्या पिकांचे नुकसान गोठण्याने होत नसून वाढ खुंटल्याने होते. ते हळूहळू होते व त्यामुळेच उशिरा लक्षात येते.

केळी

केळ हे उष्ण प्रदेशातील पीक आहे. उष्णतामान १६ अंशांखाली गेले की तिची वाढ जवळजवळ थांबते. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी येणारे पान दोन-तीन आठवडे घेते. पाने जवळजवळ येऊन दाटी होते आणि लोंगर बाहेर पडताना गळ्याशी अडकते. तयार होत आलेल्या फळांना १३ अंशांखालील थंडी बरेच तास लागली, तर सालीखाली तपकिरी रेषा उमटतात व पिकल्यावर फळास तेज येत नाही. मुळे गारठली असता ती अन्न कमी शोषतात. अशा वेळी दिलेला नत्राचा जादा हप्ता झाडाला मिळत नाही. जमीन उपाशी नसते, मुळे सुस्त असतात.

उपाय पुढीलप्रमाणे करावेत :

१. थंडीचा इशारा मिळताच सायंकाळी किंवा पहाटे विहिरीचे हलके पाणी द्यावे. विहिरीचे खोल पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा उबदार असते, आणि ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठविते. मात्र पाणी साचू देऊ नये. बावखलाचे किंवा विहिरीचे पाणी खारट झाले असल्यास ते वापरू नये.

२. बुंध्याभोवती पेंढा व वाळलेल्या पानांचे आच्छादन घालावे.

३. खोडाला लोंबणारी सुकी पाने हिवाळ्यात काढू नयेत. ती खोडाचे पांघरूण होत. करप्याने डागाळलेली पाने मात्र अवश्य कापून नष्ट करावीत.

४. लोंगरावर सच्छिद्र प्लॅस्टिकची पिशवी चढवावी.

५. उत्तरेकडील बाजूस शेवरीचा किंवा अन्य उंच पिकाचा वाराआड ठेवावा.

वाडीत कचरा जाळून धूर करण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. धुराने मिळणारी ऊब अल्प असते. वसईसारख्या दाट वस्तीत तो धूर शेजाऱ्यांच्या घरांत शिरतो. म्हणून हा मार्ग टाळणेच इष्ट.

पानवेल, फुले व भाजीपाला

पानवेलीस उत्तरेकडून आडोसा करावा व थोडे थोडे पाणी वरचेवर द्यावे. मोगऱ्याची फुले थंडीत घटतात. तो त्याचा स्वाभाविक विश्रांतीकाळ आहे. त्यास खताने डिवचू नये, छाटणीची तयारी करावी. मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक व कोबी यांना ही हवा मानवते. उलट दुधी, काकडी, कारली यांचे बी गारठ्यात उगवत नाही. ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पिशव्यांत टोकावे आणि रोपांवर रात्री झाकण घालावे.

आंबा

आंब्याला थंडी हितकारक असते, कारण तिच्यामुळे मोहोर फुटतो. परंतु थंडी लांबली तर फळधारणा झालेल्या फांद्यांवर पुन्हा मोहोर येतो व आधीची लहान फळे गळतात. त्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जिबरेलिक आम्लाची ५० पी.पी.एम. तीव्रतेची, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम या प्रमाणात, फवारणी शिफारस केली आहे. फवारणीची वेळ कृषी कर्मचाऱ्यास विचारून ठरवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

हवामान खात्याचा कृषिसल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो आणि तो ‘मेघदूत’ या भ्रमणध्वनीवरील सेवेतही मिळतो. तो वाचून बागाईतदारांना सांगावा. परंतु तेवढ्यावर थांबू नये. गावात एक साधा किमान-तापमापक सावलीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर टांगावा आणि रोज सूर्योदयानंतरचा आकडा वहीत टिपावा. दोन हिवाळ्यांच्या नोंदी हाती आल्या, की कोणती वाडी आधी गारठते हे कोणालाही दाखविता येईल.

बागाईतदार बंधू-भगिनींनो, पाने पिवळी दिसताच युरियाच्या पोत्याकडे धावू नका. आधी मागील आठवड्यातील पहाटेची थंडी आठवा आणि नवे पान तपासा. केवळ वाढ मंदावली असेल व डाग नसतील, तर आच्छादन घाला, हलके पाणी द्या आणि धीर धरा. फेब्रुवारी सरता सरता हवा तापू लागली की मुळे जागी होतात. खताचा खरा उपयोग त्या वेळी आहे.