श्रीलंकेची मिरी आणि आपल्या परड्यातली मिरी

‘मुक्त व्यापार करार’ हे शब्द बातम्यांत आले की आपण रेडिओचा आवाज कमी करतो. हे मोठ्या कारखानदारांचं काम, असं वाटतं. म्हणून आज मसाल्याच्या डब्यातल्या एकाच जिनसेबद्दल बोलू या. काळी मिरी.

कोकणात पुष्कळ जणींच्या परड्यात माडावर, पोफळीवर मिरीचा वेल चढवलेला असतो. घोस काढायचे, दाणे सोडवायचे, चटईवर वाळवायचे, यात बायकांचे हात जास्त. दुसरीकडे घाटावरचे बचत गट काळा मसाला करतात. त्यांना मिरी विकत घ्यावी लागते. एक बहीण विकणारी, दुसरी घेणारी, आणि एकाच कराराने एकीचं भलं होतं तेव्हा दुसरीला चिमटा बसतो.

परदेशातून माल बंदरात उतरला की सरकार त्यावर आयात शुल्क घेतं. मिरीवर हे शुल्क एरवी ७० टक्के. समजा, मिरी किलोला ३०० रुपयांनी आली. तिच्यावर २१० रुपये शुल्क भरलं की ती ५१० ला पडते. पण भारत आणि श्रीलंका यांनी १९९८ साली करार केला आणि २००० पासून तो लागू झाला. त्याखाली श्रीलंकेची मिरी वर्षाला अडीच हजार टनांपर्यंत बिनशुल्क आणायची सोय झाली. त्यापुढची मिरी दक्षिण आशियातल्या देशांच्या दुसऱ्या कराराखाली ८ टक्क्यांनी येऊ लागली, म्हणजे ३०० ची मिरी ३२४ ला. आता व्यापारी कुठली उचलेल, ते सांगायला नको.

इथवर कुणाचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. श्रीलंकेतही मिरी लावणारी कुटुंबं आपल्यासारखी छोटीच आहेत. घोळ पुढे आहे. मिरी सगळ्यात जास्त पिकते व्हिएतनाममध्ये आणि ती स्वस्तही असते, पण भारतात तिच्यावर शुल्क भारी. केरळ, कर्नाटकातल्या बागायतदारांची तक्रार अशी, की हीच मिरी आधी श्रीलंकेत उतरते आणि तिथली म्हणून इकडे येते.

कशी? तर कागदावर. सवलत मिळवायला मालाबरोबर मूळ देशाचा दाखला लागतो. तहसीलमधून आपण रहिवासी दाखला काढतो ना, तसा हा मालाचा रहिवासी दाखला. मिरीसारखं पीक त्याच देशात पिकलेलं हवं. बनवलेल्या वस्तूत किंमतीचा निदान ३५ टक्के भाग तिथला हवा. दाखला खोटा निघाला तर अख्खा करारच वाकडा होतो.

२०१७ मध्ये मिरीचे भाव कोसळले. त्या डिसेंबरात सरकारने किलोला ५०० रुपये ही किमान आयात किंमत ठरवली आणि मार्च २०१८ मध्ये त्याहून स्वस्त मिरी आणायलाच बंदी केली. वेलवाल्या बहिणीला आधार मिळाला. मसालेवालीच्या खर्चाचा विचार मात्र फारसा कुणी केला नाही. शिवाय बिलावर किंमत फुगवून लिहिली तर ५०० ची अट कागदावर सहज पुरी होते. मला विचाराल तर खरा इलाज दाखला तपासण्यातच आहे. सप्टेंबर २०२० पासून तसे नियम आले. माल कुठे, कसा पिकला याची माहिती आता आयातदारालाही जवळ ठेवावी लागते, नुसता दाखला दाखवून भागत नाही.

तुमच्या गटाला यातून काय करता येईल? मसाल्याला मिरी घेताना माल कुठला, हे बिलावर लिहून मागा. एक लिटरचं माप मिरीने भरून वजन करा. चांगला भरीव दाणा पाचशे ग्रॅमच्या पुढे जातो, पोचट दाणा हलका भरतो. आणि ज्यांच्या परड्यात वेल आहेत त्यांनी मिरी कडकडीत वाळवावी. ओल राहिली की बुरशी धरते, मग मिळेल त्या भावात विकावी लागते. नीट वाळलेली मिरी कोरड्या जागी वर्षभर टिकते, म्हणून भाव पडलेल्या आठवड्यात सगळं पोतं बाजारात नेऊ नका. गरजेपुरती पाच किलो न्या, बाकीची माळ्यावर राहू दे.